चिकित्सालयातील डॅशबोर्ड व प्रवेशाधिकार : वैद्याची एक नवी जबाबदारी

रुग्णाने वैद्यापाशी मन मोकळे करावे आणि वैद्याने ते आपल्यापाशीच ठेवावे, या परस्पर विश्वासावर आपली चिकित्सा उभी आहे. प्रश्नपरीक्षेत रुग्ण जे सांगतो ते नाडीत वा जिव्हेवर दरवेळी उमटतेच असे नाही. हा विश्वास डळमळला की निदानही डळमळते. केसपेपर कपाटात असत तोवर किल्ली कोणाकडे आहे एवढे पाहिले म्हणजे पुरत असे. आता केसपेपर संगणकात गेले आहेत. कपाट एकच राहिले, परंतु किल्ल्या अनेक झाल्या; आणि त्या कोणाकोणाकडे आहेत हे पुष्कळदा खुद्द वैद्यासही ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात या किल्ल्यांचा, म्हणजे संगणकीय प्रवेशाधिकारांचा, विचार करावयाचा आहे.

प्रारंभ आमच्याच अनुभवाने करतो. तो सांगताना संकोच वाटतो, कारण चूक सर्वस्वी आमची होती. कळंबोली येथे आम्ही काही वैद्यमित्र मिळून एक सामायिक चिकित्सालय चालवितो. लोखंड बाजारातील कामगार, ट्रकचालक आणि रोडपाली, कामोठे, खांदा कॉलनी या परिसरातील कुटुंबे हा आमचा मुख्य रुग्णवर्ग. बाजारात काम करणारा एक तरुण कोपर व गुडघे यांवरील खवलेयुक्त मंडलांसाठी उपचार घेत होता. निदान एककुष्ठ. महिन्याचा आढावा दाखविणारा डॅशबोर्ड स्वागतकक्षातील संगणकावर सर्वांसाठी एकाच पासवर्डने उघडत असे आणि व्याधीच्या आकड्यावर क्लिक केले की रुग्णांची नावे समोर येत. औषध न्यायला आलेल्या त्याच्या एका परिचिताने पडद्यावर त्याचे नाव व त्यापुढे ‘कुष्ठ’ ही अक्षरे वाचली.

आपल्या शास्त्रात कुष्ठाचे अठरा प्रकार वर्णिले आहेत आणि त्वचेचे बहुतेक चिवट विकार त्यांत येतात. लोकभाषेत मात्र कुष्ठ म्हणजे महारोग. (महारोगही आज औषधाने बरा होतो आणि त्या रुग्णास दूर लोटणेही तितकेच अन्यायाचे आहे, हा भाग वेगळा.) आठवड्याभरात खोलीतील सोबत्यांनी त्या तरुणाचे ताट-वाटी वेगळे काढले. तो आमच्याकडे आला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, माझं दुखणं तुमच्या कॉम्प्युटरवर कोणकोण बघतं?” या प्रश्नाचे नेमके उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढील विवेचन त्या उत्तराच्या शोधातून झालेले आहे.

डॅशबोर्ड म्हणजे काय?

रोजच्या नोंदींतून निवडक आकडे एकत्र करून ते तक्ते व आलेखांच्या रूपाने एकाच पडद्यावर दाखविणारी सोय म्हणजे डॅशबोर्ड. आज बाह्यरुग्ण किती आले, या महिन्यात आमवाताचे किती, बस्ती किती झाले, कोणत्या तैलाचा साठा संपत आला, जमा किती झाली, हे सर्व क्षणात दिसते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही सोय उपयुक्त आहे यात शंका नाही.

ही सोय आता आपल्या क्षेत्राबाहेरची राहिलेली नाही. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ पोर्टल सुरू करून आयुर्वेदीय व्याधींना प्रमाणित संज्ञा व सांकेतिक क्रमांक दिले. २०१८ मध्ये आयुष रुग्णालयांसाठी ‘ए-एचएमआयएस’ ही संगणकप्रणाली आली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला आणि रुग्णांना चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक मिळू लागला. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मधील आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्याधींचा विभाग दिल्ली येथे प्रसिद्ध केला. आपली निदाने जगाच्या नोंदवहीत जात आहेत याचा आनंदच आहे. परंतु नोंदी जितक्या दूर जातील तितकी दारे वाढतील, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

डॅशबोर्डला दोन मजले असतात असे समजावे. वरच्या मजल्यावर केवळ आकडे असतात. खालच्या मजल्यावर त्या आकड्यांमागील नावे, वये, पत्ते, निदाने असतात. दोहोंमध्ये एक जिना असतो. आकड्यावर क्लिक करणे म्हणजे तो जिना उतरणे. आमच्या चिकित्सालयात या जिन्यावर पहाराच नव्हता.

ओळख आणि अनुमती

चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात गुरू शिष्याला उपदेश करतात. रुग्णाच्या घरी जाताना त्या घरास परिचित असलेल्या आणि आत जाण्याची अनुमती असलेल्या माणसासह जावे, आत गेल्यावर मन व वाणी रुग्णाच्या हिताखेरीज कोठेही गुंतवू नये, आणि त्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, असा त्याचा आशय आहे. माणूस ओळखीचा असणे आणि त्याला अनुमती असणे या दोन गोष्टी तेथे वेगळ्या सांगितल्या आहेत, हे विशेष.

संगणकशास्त्रही नेमक्या याच दोन पायऱ्या मानते. पहिली पायरी ओळखीची. समोर बसलेली व्यक्ती कोण, हे यूजर आयडी, पासवर्ड व मोबाईलवरील ओटीपी यांवरून ठरते. दुसरी पायरी अनुमतीची. ती व्यक्ती काय पाहू शकते व काय करू शकते, हे तेथे ठरते. सर्वांसाठी एकच पासवर्ड ठेवला की पहिली पायरीच ढासळते. मग दुसरीला अर्थ उरत नाही. म्हणून पहिला नियम असा की, प्रत्येक व्यक्तीचा यूजर आयडी स्वतंत्र असावा. एका दिवसासाठी आलेल्या बदली मदतनिसासही आपला पासवर्ड देऊ नये.

अनुमतीचेही चार प्रकार वेगळे करावेत : पाहणे, नवी नोंद लिहिणे, जुनी नोंद बदलणे किंवा पुसणे, आणि माहिती बाहेर काढणे. यांतील चौथ्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पडद्यावर पाहिलेली दहा नावे माणूस विसरतो. एक्सेलमध्ये उतरवून घेतलेली दोन हजार नावे पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे राहतात. डाउनलोडचा अधिकार अगदी मोजक्यांनाच असावा.

१९७५ मध्ये सॉल्टझर व श्रोडर या दोन संशोधकांनी संगणकीय सुरक्षेची जी तत्त्वे मांडली, त्यांत एक तत्त्व असे होते की, प्रत्येकास त्याच्या कामापुरताच, कमीत कमी अधिकार असावा. औषधाच्या मात्रेप्रमाणेच अधिकाराचीही मात्रा असते, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतील फेराइओलो व कून यांनी व्यक्तीऐवजी भूमिकेला अधिकार जोडण्याची पद्धत सूत्रबद्ध केली. म्हणजे अमुक बाईंना काय दिसावे हे ठरविण्याऐवजी ‘स्वागतकक्ष’ या भूमिकेला काय दिसावे हे एकदा ठरवावयाचे आणि त्या कामावर येणाऱ्या व्यक्तीला ती भूमिका द्यावयाची. आपल्या चतुष्पादाच्या कल्पनेत वैद्य व परिचारक यांची कर्तव्ये व गुण जसे वेगळे सांगितले आहेत, तशीच ही मांडणी आहे.

भूमिकांची विभागणी

मध्यम आकाराच्या चिकित्सालयासाठी आम्ही पुढीलप्रमाणे विभागणी केली आहे. आपापल्या सोयीप्रमाणे तीत बदल करता येतील.

१) स्वागतकक्ष : रुग्णाचे नाव, दूरध्वनी, भेटीची वेळ व वैद्याचे नाव. निदान व चिकित्सा दिसू नये.

२) पंचकर्म साहाय्यक : आपल्याकडे सोपविलेल्या रुग्णाचे त्या दिवसाचे कर्म, द्रव्य, मात्रा आणि सावधगिरीच्या सूचना. संपूर्ण वृत्त दिसू नये.

३) औषधी विभाग : चिकित्सापत्र व औषधसाठ्याचा डॅशबोर्ड. व्याधीनिहाय तक्ते नकोत.

४) हिशेबनीस : सेवेचा प्रकार व रक्कम. पावतीवर निदान छापले जाणार नाही याचीही खात्री करावी.

५) चिकित्सक वैद्य : स्वतःच्या रुग्णांची संपूर्ण माहिती. सहकाऱ्याच्या रुग्णाची माहिती त्याने सल्ल्यासाठी रुग्ण पाठविल्यावरच.

६) प्रशिक्षणार्थी : ज्यांच्या हाताखाली शिकत आहेत त्या वैद्यांच्या निवडक रुग्णांची माहिती केवळ पाहण्यापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती.

७) व्यवस्थापक : सर्व आकडे, परंतु नावे नाहीत.

८) अ‍ॅडमिन : खाती उघडणे, बंद करणे व अधिकार देणे. रुग्णपत्रके वाचणे हे त्याचे काम नव्हे.

दुसऱ्या भूमिकेविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. कमी दाखविणे म्हणजे नेहमीच सुरक्षित, असे नव्हे. स्वेदन देणाऱ्या साहाय्यकास रुग्णाच्या हृद्रोगाची वा गर्भावस्थेची सूचना दिसली नाही, तर गोपनीयता राखली जाईल आणि रुग्णाचा जीव धोक्यात येईल. म्हणून कामाला लागणारी प्रत्येक गोष्ट दिसावी आणि न लागणारी एकही दिसू नये, असे या नियमाचे दोन्ही अर्ध वाचावेत.

आठव्या भूमिकेतही एक चूक सर्रास होते. ज्येष्ठतम वैद्यांचा मान म्हणून त्यांना अ‍ॅडमिन केले जाते. त्यांना सवड नसते म्हणून ते आपला पासवर्ड मदतनिसाला देतात आणि सर्व दारे एकाच वेळी उघडी पडतात. अधिकार मानासाठी नसतो, कामासाठी असतो. अ‍ॅडमिन दोन असावेत, म्हणजे एकाच्या अनुपस्थितीत काम अडत नाही. परंतु दोनापेक्षा अधिक नसावेत.

ओळी, स्तंभ आणि लिंक

कोष्टकात प्रत्येक रुग्णाची एक ओळ आणि प्रत्येक बाबीचा एक स्तंभ असतो. त्यामुळे मर्यादाही दोन प्रकारे घालता येते. वैद्यास केवळ आपल्याच रुग्णांच्या ओळी दिसाव्यात, ही ओळींची मर्यादा. हिशेबनिसास निदानाचा स्तंभ दिसू नये, ही स्तंभाची मर्यादा. बहुतेक चांगल्या प्रणालींत या दोन्ही सोयी असतात. त्या विक्रेत्याकडून आग्रहाने मागून घ्याव्यात.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवर बीआय’ या प्रचलित प्रणालीत सामायिक कार्यक्षेत्रातील व्यक्तींना अ‍ॅडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्यूटर व व्ह्यूअर अशा चार भूमिका देता येतात. ओळींची मर्यादा यांपैकी केवळ व्ह्यूअरला लागू होते. उरलेल्या तिघांना सर्वच ओळी दिसतात. नियम लिहून ठेवला आणि सर्वांना मेंबर केले, तर तो नियम कागदावरच राहतो. म्हणून नियम घातल्यावर त्या व्यक्तीच्या लॉगिनने स्वतः आत जाऊन काय दिसते ते एकदा प्रत्यक्ष पाहावे. प्रत्यक्षासारखे प्रमाण नाही.

लिंकचेही तसेच. ‘लिंक असलेल्या कोणासही पाहता येईल’ हा पर्याय निवडला की ओळख व अनुमती या दोन्ही पायऱ्या एकदम गळून पडतात. ती लिंक एका गटातून दुसऱ्या गटात कधी गेली हे कळत नाही. रुग्णांच्या माहितीसाठी हा पर्याय कधीही वापरू नये.

लहान आकड्यांचा धोका

नावे काढून टाकली म्हणजे माहिती निनावी झाली, असा समज आहे. तो अपुरा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे वगळून संशोधनासाठी दिल्या. लटान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने मतदारयादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड एवढ्याच तीन गोष्टी जुळवून खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्या नोंदी वेगळ्या काढल्या.

कळंबोलीसारख्या वसाहतीत तर मतदारयादीचीही गरज नाही. ‘क्लैब्य : १, पुरुष, वय ३१ ते ४०, अमुक सेक्टर’ एवढे वाचले की त्या इमारतीतील शेजाऱ्यांना पुरे होते. म्हणून व्याधी, वय व वस्ती यांच्या तक्त्यात पाचापेक्षा लहान आकडा आला तर ‘५ पेक्षा कमी’ एवढेच दाखवावे, असे आम्ही ठरविले. एकूण बेरीज व इतर सर्व आकडे दिल्यास वजाबाकीने झाकलेला आकडा काढता येतो, हेही लक्षात ठेवावे. अशा वेळी दोन लहान गट एकत्र करावेत.

अधिकार परत घेणे

अधिकार देताना आपण विचार करतो. काढून घ्यावयाचे मात्र विसरतो. पोर्तुगालमधील बॅरेइरो येथील रुग्णालयास तेथील माहिती-संरक्षण आयोगाने २०१८ मध्ये ४ लाख युरोंचा दंड केला. चौकशीत आढळले की, रुग्णालयात २९६ डॉक्टर असताना संगणकात डॉक्टर म्हणून ९८५ खाती चालू होती. सोडून गेलेल्यांची खाती बंद केली गेली नव्हती, आणि प्रत्येक डॉक्टरला कोणत्याही विभागातील कोणत्याही रुग्णाची माहिती पाहता येत होती.

आम्ही हे वाचून आमची यादी काढली. चिकित्सालयात काम करणारे अकरा आणि चालू खाती एकोणीस! त्यांत दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षण संपवून गेलेल्या विद्यार्थ्यांची खातीही होती. त्यांनी गैरवापर केला असे आम्ही म्हणत नाही. केला असता तरी आम्हास कळले नसते, हे म्हणणे आहे.

ते कळण्यासाठी नोंदवही लागते. कोणी, केव्हा, कोणाचे पत्रक उघडले याची नोंद प्रणालीने आपोआप ठेवावी आणि ती कोणीतरी नियमाने वाचावी. नेदरलँड्समधील हेग शहरातील हागा रुग्णालयात एका प्रसिद्ध महिलेचे रुग्णपत्रक, तिच्या उपचारांशी संबंध नसलेल्या अनेक कर्मचाऱ्यांनी केवळ कुतूहलापोटी उघडून पाहिले. त्या रुग्णालयास २०१९ मध्ये ४ लाख ६० हजार युरोंचा दंड झाला. पुढे न्यायालयाने तो ३ लाख ५० हजारांवर आणला. नोंदवहीची पुरेशी तपासणी होत नव्हती आणि ओळखीसाठी पासवर्डखेरीज दुसरी खूण बंधनकारक नव्हती, हे मुख्य दोष होते. आपल्याकडे प्रसिद्ध व्यक्ती क्वचित येतात. शेजारी, नातलग व माजी सहकारी मात्र रोज येतात. कुतूहल त्यांच्याविषयीच अधिक असते.

आत्ययिक अवस्था

नियमाला अपवाद हवाच. वमनानंतर रात्री रुग्णास ग्लानी आली, त्याचे वैद्य प्रवासात आहेत, आणि उपस्थित वैद्यास पत्रक उघडण्याचा अधिकार नाही, असे होऊ नये. यासाठी आत्ययिक प्रवेशाची सोय ठेवावी. उपस्थित वैद्याने कारण लिहून पत्रक उघडावे, संबंधित वैद्यास त्याच क्षणी सूचना जावी, आणि दुसऱ्या दिवशी त्या नोंदीची पाहणी व्हावी. कारण लिहावे लागते एवढ्यानेच अनावश्यक वापर पुष्कळ कमी होतो.

कायद्याची बाजू

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी आरोग्यविषयक माहिती व वैद्यकीय नोंदी यांना संवेदनशील मानले. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. प्रवेशावर नियंत्रण ठेवणे, कोणी माहिती पाहिली याच्या नोंदी किमान एक वर्ष जपणे, माहिती फुटल्यास संबंधित रुग्णांना व मंडळाला कळविणे आणि मंडळास सविस्तर वृत्त ७२ तासांत देणे, या गोष्टी त्यांत सांगितल्या आहेत. पुरेशी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान चिकित्सालयास एवढा दंड होईल असे नव्हे. परंतु हा कायदा माहिती बाळगणाऱ्यास विश्वस्ताच्या जागी मानतो, हा विचार आपल्या शास्त्रास मुळीच परका नाही.

समारोप

आम्ही जे केले ते थोडक्यात सांगतो. सामायिक पासवर्ड बंद केला. अकरा व्यक्तींची अकरा खाती ठेवली. स्वागतकक्षातील पडदा भिंतीकडे वळविला आणि तेथून व्याधींचे तक्ते काढून टाकले. कोणी काम सोडले की त्याच दिवशी, हिशेब पुरा करण्यापूर्वी, त्याचे खाते बंद होते. दर अमावास्येला एक वैद्य खात्यांची यादी व नोंदवही वाचतो. तिथी ठरलेली असल्याने विसर पडत नाही. या सर्वास पैसा फारसा लागला नाही. दोन रविवार लागले.

त्या तरुणाच्या संमतीने आमच्यापैकी एकजण त्याच्या खोलीवर गेला आणि हा विकार स्पर्शाने पसरत नाही हे सोबत्यांना समजावून सांगितले. दोघांना पटले, तिसरा खोली सोडून गेला. तरुण अजूनही उपचारास येतो. मंडले बरीच निवळली आहेत. परंतु प्रश्नपरीक्षेच्या वेळी तो उत्तर देण्याआधी एकदा संगणकाकडे पाहतो.

आमची सर्व वैद्यमित्रांना विनंती आहे की, या अंकाचे वाचन संपताच आपल्या चिकित्सालयातील चालू खात्यांची यादी काढावी आणि प्रत्येक नावापुढे, या व्यक्तीला हे कशासाठी दिसावे, याचे एका ओळीत उत्तर लिहावे. जेथे उत्तर सुचणार नाही तेथील दार त्याच दिवशी बंद करावे. रुग्णाने उद्या तोच प्रश्न विचारला, तर आपल्यापाशी उत्तर तयार असावे.